फर्माइशीतलं चौथं नाव

रेडिओचा विषय निघाला की मी पाणी प्यायला उठायचो. आमचा शेठ म्हणायचा, "कंडक्टर, शुगर तपासून घे लेका. दर पंधरा मिनिटाले तहान लागून राह्यली तुले." शुगर-बिगर काही नव्हती. मला ती एक गोष्ट पुन्हा ऐकायची नसायची, एवढंच. पण मंगरूळपीरच्या बाजारात, शेठच्या कापड दुकानाबाहेरच्या बाकड्यावर, ती गोष्ट महिन्यातून एकदा तरी व्हायचीच.

आम्ही तिघं. शेठ म्हणजे दुकानाचा जुना मालक. आता गल्ल्यावर त्याचा मुलगा बसतो आणि हा बाहेर बसून गिऱ्हाइकांना विनाकारण सल्ले देतो. जैन माणूस, सूर्य मावळायच्या आत जेवणार, आणि दिवसभर आम्हाला खाण्यावरून बोलणार. दुसरा पाटील. इथून दोन कोसांवर त्याचं गाव. शेती बरी, मुलं बरी, तोंडात सकाळपासून तंबाखू-सुपारीचा खर्रा. तिसरा मी, एस.टी.तून रिटायर झालेला कंडक्टर. नोकरी संपून इतकी वर्षं झाली तरी हे दोघं मला कंडक्टरच म्हणतात. बायकोसुद्धा त्यांच्या नादानं एकदा म्हणाली, मग मी दोन दिवस बोललो नाही तिच्याशी.

बोलणं कुठूनही सुरू होवो, येऊन थांबायचं रेडिओवर. शेठ सांगणार, लायसनचं पुस्तक पोस्टात नेऊन शिक्का मारून आणावा लागे. पाटील दुपारच्या श्रुतिकेतल्या पावलांचा आवाज बाकड्यावर बोटांनी वाजवून दाखवणार, म्हातारा आला, पोलीस आला, बाई आली, तिघांची पावलं वेगळी. शेतकऱ्यांच्या कार्यक्रमात दोन गडी गप्पा मारायचे, त्या दोघांचे आवाज एकट्या पाटलाच्या गळ्यात होते. एक घोगरा, एक चिरका. रस्त्यानं जाणारी माणसं थांबून हसायची. देवानं पाटलाला गळा दिला होता, यात वाद नाही. आणि मग पाटील पिचकारी टाकून म्हणायचा, "अन् ते पुसदचं आठवते काय गा?"

इथं मी उठायचो.

ती गोष्ट अशी. आमच्या ऐन उमेदीत आम्ही चौघं होतो. शेठ, मी, पाटील आणि पाटलाचा धाकटा भाऊ. धाकटा एकोणीस वर्षांचा होता, बारीक, लाजरा, पण रेडिओचं वेड आम्हा तिघांचं मिळून जेवढं तेवढं त्याला एकट्याला. दुपारच्या फर्माइशीच्या कार्यक्रमाला आम्ही पोस्टकार्डं टाकायचो. लिहायचो मी, कारण अक्षर माझं. खाली चार नावं, ठरलेल्या क्रमानं. एकदा शेठनं रागाच्या भरात माझं नाव खोडलं होतं, त्यावरून असं भांडण झालं की आम्ही नियमच केला: काही होवो, कोणाशी पटो न पटो, चारातलं एक नाव गाळायचं नाही. निवेदन करणाऱ्या बाईनं रेडिओतून आपलं नाव घेतलं की चार दिवस बाजारात मान ताठ. हसू येतं आता. तेव्हा येत नव्हतं.

पाटलाच्या घरचा रेडिओ सेलवर चालायचा. धाकटा दिवसभर गाणी ऐकून सेल उतरवायचा आणि संध्याकाळी बाजारभाव लागायच्या वेळेला रेडिओ मुका. एका श्रावणात पाटील शेतातून वैतागून आला, बटण फिरवलं, आवाज नाही. त्यानं धाकट्याच्या कानाखाली वाजवली, आईसमोर. धाकटा उठला. रेडिओचं मागचं झाकण उघडलं, दोन्ही सेल काढून खिशात घातले आणि म्हणाला, "नवे घेऊनच येतो." तो गेला तो आलाच नाही.

आधी वाटलं मामाकडे गेला असेल. मग कारंज्याकडे, वाशीमकडे, रिसोडकडे माणसं पाठवून झाली. आईनं भाकर सोडली. पाटील रोज बसस्टँडवर येऊन माझ्या गाडीतून उतरणारा एकेक माणूस बघायचा. आणि दिवाळीच्या पुढे-मागे, एका दुपारी, फर्माइशीत बाईनं म्हटलं, पुसदहून, आणि चार नावं घेतली. शेठचं, माझं, पाटलाचं, धाकट्याचं.

पाटील सायकल हाणत दोन कोस आला. थेट दुकानात शिरला. मी ड्युटी संपवून तिथंच बसलो होतो. शेठला त्यानं विचारलं, "तुमी टाकलं पत्र?" शेठ म्हणाला, मी कधी टाकतो? मग माझ्याकडे वळला. "तू जातं ना पुसदले मुक्कामाच्या गाडीवर. तू टाकलं काय?"

मी म्हणालो, "मी कायले टाकू?"

"मंग त्यानंच टाकलं," पाटील खाली बसला. "माह्या नावाच्या मागं आपलं नाव लावलं त्यानं. म्हंजे राग गेला त्याचा." आणि तो माणूस, जो बापाच्या मयतीत रडला नव्हता, शेठच्या कापडाच्या तागांत तोंड घालून रडला. घरी जाऊन त्यानं आईला सांगितलं, आई म्हणाली मी ऐकलंय, आणि तिनं त्या दिवशी अर्धी भाकर खाल्ली.

पाटलाची गोष्ट इथं संपायची. "जिवंत आहे कोठी तरी. नाव आलं होतं त्याचं," असं म्हणून तो खर्रा घोळवायला घ्यायचा. शेठ मान हलवायचा. मी लांबून, माठाजवळून, मान हलवायचो.

कार्ड मी टाकलं होतं. आता एवढं लिहिलंच आहे तर पुढचंही लिहितो. धाकटा गेल्याला आठ-दहा दिवस झाले असतील. पुसदच्या डेपोत दुपारची गाडी उशिरा सुटणार होती, खिशात कोरं कार्ड होतं. चौथं नाव लिहिताना माझ्या मनात आलं की पोरगं कुठं तरी हॉटेलात कपबशा धूत असेल, तिथं रेडिओ असेल, आपलं नाव ऐकेल, त्याला कळेल की आपल्याला गाळलं नाही. मग येईल. त्यात वाईट काय होतं? कार्डावर गावाचं नाव पुसद घातलं, कारण एकाच गावाची कार्डं रोज आली तर स्टेशनवाले बाजूला टाकतात अशी आमची समजूत होती आणि वाटेतल्या गावाचं नाव घालायची युक्ती मला तेव्हाच सुचली. ही युक्ती माझी मलाच ठाऊक होती. आमची कार्डं एरवी मंगरूळपीरच्याच नावानं जायची. घरी कोण ऐकेल, काय समजेल, हा विचार डोक्याला शिवला नाही. नंतर कामाच्या रगाड्यात मी ते कार्ड विसरूनही गेलो.

पाटलानं विचारलं तेव्हा खरं सांगायला एक श्वास पुरला असता. पण त्याचं तोंड बघितलं. म्हटलं, दोन दिवस सुखानं जाऊ दे, मग सांगू. दोन दिवसांनी तो माझ्याच गाडीत बसून पुसदला निघाला, भावाला शोधायला. मी रजा टाकून त्याच्याबरोबर पायी फिरलो. हॉटेलं, लाकडाच्या वखारी, सिनेमाची टॉकीज. "असा असा पोट्टा पाह्यला काय?" पाटील विचारायचा आणि मी शेजारी उभा राहून वर्णनात भर घालायचो. याहून नीच काम मी आयुष्यात केलेलं नाही.

हिवाळ्यात, हरभऱ्याला पाणी द्यायला कोणी तरी पडक्या विहिरीवर मोटार लावली. पाणी खाली गेलं आणि एक मुडदा दिसला. जुना, चेहरा राहिलेला नाही. तालुका दुसरा होता, पण निरोप गावोगाव गेला. पाटलाच्या दारात कोतवाल आला, घरातलं कोणी पोरगं बेपत्ता आहे ना, येऊन कपडे ओळखा म्हणाला. आई त्याच्या अंगावर धावली. "माह्या लेकराचं नाव रेडिओत आलं, अन् तू मेल्याच्या गोष्टी काय करून राह्यला?" पाटीलही म्हणाला, आमचा नाही तो. कोणी गेलं नाही. पोलिसांनी वाट पाहिली आणि बेवारस म्हणून अग्नी दिला.

त्यानंतर तीन आठवड्यांनी एक हवालदार माझ्या गाडीत बसला, पुढच्या सीटवर. कंडक्टरशी बोलायची सवय असते अशा लोकांना. विहिरीतल्या मुडद्याचं सांगत होता. "कपडे कुजून गेले होते. खिशात पाहा काय निघालं तं रेडिओचे दोन सेल. फुगलेले. आता हे घेऊन कोणी जीव देते काय?"

मी त्याला तिकीट दिलं की नाही आठवत नाही.

तेव्हा तरी सांगायचं होतं. म्हातारी जेवायला लागली होती, पाटील हसायला लागला होता, ते मोडायला नको, असं मी स्वतःला सांगितलं. ते खोटं कारण होतं. खरं कारण हे की सेलचं सांगायचं तर कार्डाचं सांगावं लागलं असतं. मी भ्यालो. बस. म्हातारी आणखी चौदा वर्षं जगली. दुपारच्या फर्माइशीला चूल सोडून रेडिओपाशी येऊन बसायची, कानाला हात लावून. अखजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडे गेलेल्यांच्या नावानं एकेक घागर भरतात, नवी मातीची घागर, वर आंबा, आणि निखाऱ्यावर पुरणपोळीचा घास टाकताना त्या माणसाचं नाव घेतात. पाटलाच्या घरी आधी बापाची एक घागर होती, मग आईची दुसरी आली. धाकट्याची कधी भरली नाही. जित्या माणसाची घागर भरत नसतात.

लोक म्हणतात जुने दिवस सोन्याचे. डोंबलाचे सोन्याचे.

या चैत्रात पाटील आठ दिवस बाकड्यावर आला नाही. नवव्या दिवशी आला तो गाल सुजलेला आणि तोंडात खर्रा नाही. इतक्या वर्षांत पाटलाला रिकाम्या तोंडानं मी पहिल्यांदा पाहिलं. नागपूरला दाखवून आला होता. जबडा काढावा लागणार, जीभ जवळजवळ सगळी. बारा दिवसांनी ऑपरेशन.

शेठ म्हणाला, "म्या हजार खेपा सांगतलं होतं."

"हाव, सांगतलं होतं तुमी," पाटील म्हणाला. "आता बोलून घ्या माह्याशी. मंग मी नुसता आयकीन." हसायचा प्रयत्न केला, दुखलं म्हणून सोडून दिला. मग पिशवीतून एक पोस्टकार्ड काढलं आणि माझ्यापुढं धरलं. पोस्टात जाऊन मुद्दाम आणलं होतं. "लिही कंडक्टर. अक्षर तुहं. फर्माईश चालू असते म्हंतात अजून दुपारची, मोबाइलवर बी आयकू येते. चार नावं टाक आपले. वर दोन वळी लिही का भाऊ बिमार आहे म्हणा. मारनार नाई. आता तं बोलनार बी नाई. एकडाव येऊन जाय म्हणा."

शेठनं दुकानातून पेन आणून दिला. उन्हं वर आली होती, रस्त्यावर टेम्पोची गर्दी. मी शेठचं नाव लिहिलं. माझं लिहिलं. पाटलाचं लिहिलं. चौथ्यावर हात थांबला.

"इसरला काय?" पाटील म्हणाला.

विसरलो नव्हतो. एवढंच कळत होतं की हे नाव आता लिहिलं तर मी तेच पाप दुसऱ्यांदा करतो, आणि या वेळी हा माणूस दवाखान्याच्या खाटेवर दारात डोळे लावून बसेल. मी पेन खाली ठेवला. म्हणालो, "पाटील, ते पुसदचं कार्ड म्या टाकलं होतं."

शेठ हसला. त्याला वाटलं मी फिरकी घेतोय. पाटील हसला नाही. मी थांबलो असतो तर पुन्हा धीर झाला नसता, म्हणून मी सगळं सांगून टाकलं, डेपो, गावाचं नाव, हवालदार. खाली मान घालून सांगितलं. बोलून झाल्यावर पाटलानं एकच विचारलं.

"सेल किती होते?"

"दोन."

त्यानं तोंड समोरच्या दुकानाच्या पाटीकडे फिरवलं. मग म्हणाला, माझ्याशी नाही, स्वतःशीच, "कोतवाल आला होता तवा म्या जायाले पाह्यजे होतं." कार्ड उचललं, चार ठिकाणी घडी घालून खिशात ठेवलं आणि बसस्टँडकडे चालू लागला. पाटील राम राम न करता गेलेला मी कधी पाहिला नव्हता.

शेठ म्हणाला, "अबे, आता कायले सांगतलं? मरू द्याचा होता ना सुखानं." मग थोड्या वेळानं म्हणाला, "अन् तवा कायले नाई सांगतलं?" दोन्ही बरोबर होतं.

त्याच्या गळ्यात आवाज अजून बारा दिवस होता. ते बारा दिवस पाटील गावभर बोलत सुटला. बहिणीला फोन, मुलीला फोन, साडभावाला फोन. ज्याच्याशी शेताच्या धुऱ्यावरून, बांधावरून, वीस वर्षं बोलणं नव्हतं त्या शेजाऱ्याच्या दारात जाऊन चहा पिऊन आला. चुकून फोन लागलेल्या एका परक्या बाईशीही म्हणे दहा मिनिटं बोलला. शेठकडे तीनदा येऊन गेला, मी नसताना. मी दोनदा त्याच्या गावच्या फाट्यावर जाऊन उभा राहिलो. एकदा तो मुलाच्या मोटरसायकलवर मागे बसून गेला, मला पाहिलं, आणि मान दुसरीकडे वळवली. फोन केला तर मुलगा उचलायचा, बाबा झोपले म्हणायचा, आणि मागून पाटलाचा आवाज ऐकू यायचा, कोणाला तरी कपाशीचं काही सांगत असलेला. मी फोन कानाला लावून तेवढंच ऐकायचो. मुलगा ठेवून द्यायचा.

ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी शेठ नागपूरला गेला होता. आल्यावर सांगितलं, पाटलानं वॉर्डातल्या लोकांसमोर त्या दोन गड्यांचा कार्यक्रम केला. घोगरा आणि चिरका. नर्सा हसल्या. आणि बाकड्यावर बसून मी पहिल्यांदा शेठसमोर रडलो, कारण तो आवाज मी आता कधीही ऐकणार नव्हतो आणि शेवटचे बारा दिवस त्यानं सगळ्या दुनियेला वाटले, फक्त मला नाही. माझा हक्कही नव्हता.

अखजीच्या सकाळी पाटलाच्या मुलाचा फोन आला. "काका, बाबानं बोलावलं तुमाले. आत्ता या."

मी गेलो. ओसरीत पाटील पाटावर बसला होता. अर्धा चेहरा गेलेला, पांढरी पट्टी, नाकात नळी. डोळे मात्र तेच. पुढं गव्हाच्या राशीवर घागरी मांडल्या होत्या, पाणी भरलेल्या, वर आंबे. मी मोजल्या. तीन. निखारे तयार होते, शेजारी पाटी आणि खडू. मी हात जोडले, त्यानं जोडले नाहीत. समोरच्या सतरंजीकडे बोट दाखवलं, मी बसलो.

मुलानं पहिला घास निखाऱ्यावर टाकला आणि आजोबांचं नाव घेतलं. दुसरा टाकला, आजीचं घेतलं. तिसरा उचलला तेव्हा पाटलानं त्याचं मनगट धरलं. घास काढून घेतला आणि माझ्या हातावर ठेवला.

"मी घरचा नाई, पाटील," मी म्हणालो. "पोराले घेऊ दे नाव."

त्यानं पाटी उचलली नाही. नुसता बघत राहिला. तेव्हा माझ्या लक्षात आलं की इतक्या कार्डांवर ते नाव मी लिहिलं, पण धाकटा गेल्यापासून ते माझ्या तोंडून एकदाही निघालेलं नाही. मी घास निखाऱ्यावर टाकला. तुपाचा धूर झाला. नाव घेतलं. घशातल्या घशात आलं, मलाच नीट ऐकू आलं नाही.

पाटलानं उजवा हात पुढं केला. अंगठा आणि दोन बोटं चिमटीत धरली आणि उजवीकडे वळवली, रेडिओचा आवाज वाढवताना आम्ही बटण फिरवायचो तशी. मी पुन्हा नाव घेतलं, मोठ्यानं. आतली माणसं दारात येऊन उभी राहिली.

त्यानं पुन्हा बटण फिरवलं.